वाजवायला या, बोलायला नको: आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या तयारी बैठकीचं इतिवृत्त सगळ्या सभासदांना ईमेलनं आलं. त्यातला एक मुद्दा वाचून हे पत्र लिहितो आहे. आपल्या ढोल-ताशा पथकातल्या कॉलेजच्या मुलांनी एक प्रस्ताव दिला होता. विसर्जन मिरवणुकीत, कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या, म्हणजे इथले लोक ज्याला 'फॅम्यू' म्हणतात त्याच्या, 'मार्चिंग हंड्रेड' बँडमधल्या ड्रमवादकांना पाहुणे म्हणून बोलवावं. त्यांनी आणि आपल्या पथकानं एकत्र वाजवावं. संध्याकाळी बँडच्या एखाद्या माजी विद्यार्थ्यानं त्या परंपरेबद्दल अर्धा तास बोलावं.

यावर इतिवृत्तात तीन ओळी आहेत. भाषण 'कार्यक्रमाच्या स्वरूपाशी सुसंगत नाही'. 'सुरक्षेचा विचार करता' मोठा गट नको. मात्र पाच-सहा जणांनी येऊन सुरुवातीला पंधरा मिनिटं वाजवलं तर हरकत नाही. मानधनाची तरतूद नाही, पण 'त्यांनाही एक्स्पोजर मिळेल'.

एक्स्पोजर! 14 जुलै 1989 ला फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या संचलनात अमेरिकेकडून जो बँड पॅरिसच्या शाँझेलीझेवर चालला, क्लिंटन यांच्या दोन्ही शपथविधींच्या संचलनांत जो होता, 2007 साली मायामीच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, भर पावसात गायक प्रिन्सबरोबर ज्यानं मैदान गाजवलं, 2022 साली लुई व्हिटॉननं आपल्या फॅशन शोसाठी ज्याच्या वादकांना पॅरिसला नेलं, त्या बँडला आता आपल्या हॉलमागच्या पार्किंग लॉटमध्ये एक्स्पोजर मिळणार आहे. इतिवृत्त लिहिणाऱ्यानं हे गंमत म्हणून लिहिलं असतं तर मी मनापासून हसलो असतो.

हे पत्र मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं असतं तर दोन अंगठे आले असते आणि त्यावर कुणाच्या तरी मुंजीचे फोटो येऊन पडले असते. शिवाय हा विषय एकट्या आपल्या मंडळाचा नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळात हीच चर्चा झाली असती तर ती फार वेगळी झाली असती, असं मला वाटत नाही. म्हणून जाहीर लिहितो.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगतो. माझे आजोबा सांगली जिल्ह्यातल्या एका बँड कंपनीत क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत अंगावर सोनेरी पट्ट्यांचा लाल कोट आणि पायात स्लीपर. वरात दारात पोचली की नवरदेव आत, वऱ्हाडी आत आणि बँडवाले मांडवामागे. त्यांचं जेवण शेवटची पंगत उठल्यावर. आजोबा रीड जिभेवर ओली ठेवून बसायचे, कारण दोन घास पोटात जायच्या आत कुणीतरी 'वाजवा रे' म्हणत यायचा. आम्ही कोण, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, वाद्यावरून कळतं. तेव्हा 'पंधरा मिनिटं वाजवा, बोलायला नको' हा निरोप आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या ऐकलेला आहे. तो इतक्या लांब येऊन, आपल्याच माणसांकडून, दुसऱ्या कुणाला तरी जाताना पाहिला आणि गप्प बसवेना.

दुसरं कारण माझी मुलगी. ती हायस्कूलच्या बँडमध्ये वाजवते आणि तिचे बँड डायरेक्टर फॅम्यूचे. फ्लोरिडातल्या शाळांमध्ये असे बरेच आहेत. त्या विद्यापीठाचा बँड शनिवारी मैदानावर दिसतो, पण सोमवारी सकाळी शाळाशाळांतून मुलांचे खांदे सरळ करत उभा असतो तो हाच बँड. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं त्यांच्या हाताखाली शिकली आहेत आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नाही.

आता मुद्द्यांकडे येतो. पहिला मुद्दा 'स्वरूपाशी सुसंगत नाही' हा. जे आपल्याला ठाऊकच नाही ते सुसंगत नाही, हे ठरवलं कसं?

फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासीतलं हे विद्यापीठ 1887 साली सुरू झालं, कारण फ्लोरिडातल्या गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. तिथला बँड 1892 चा. पुण्यात भाऊसाहेब रंगारींचा गणपती त्याच वर्षीचा, आणि पहिलं कोण यावरून तिथे अजून वाद चालतात. तर ज्या वर्षासाठी आपण हिरिरीनं भांडतो, त्या वर्षी टॅलाहासीत गुलामांची मुलं-नातवंडं बँडची वाद्यं हातात घेत होती.

1946 साली तिथे विल्यम फॉस्टर नावाचे तरुण गृहस्थ बँड शिकवायला आले. कॅन्सस विद्यापीठात शिकत असताना त्यांना ऑर्केस्ट्राचं संचालन करायचं होतं. काळ्या माणसाला या कामात नोकरी मिळायची नाही, असं त्यांना तिथल्या डीननी ऐकवलं. फॉस्टरनी मग गोऱ्यांच्या कुठल्याही बँडच्या तोडीचा, जमलं तर त्याहून सरस बँड उभा करायचा असं ठरवलं. 1950 पर्यंत वादक शंभरावर गेले आणि 'मार्चिंग हंड्रेड' हे नाव पडलं. पुढे संख्या चारशेच्या वर गेली तरी नाव शंभराचंच राहिलं. फॉस्टर 1998 पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षं, तिथेच होते. मधल्या काळात 1955 साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. कोलंबिया म्हटल्यावर आपल्याला जे नाव आठवतं, ते त्याच विद्यापीठात चार दशकं आधी शिकून गेलं होतं. अमेरिकन बँडमास्टर्स असोसिएशनचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष फॉस्टरच. कॉलेजच्या मार्चिंग बँडसाठी सर्वोच्च मानली जाणारी सडलर ट्रॉफी 1985 साली त्यांच्या बँडला मिळाली. कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या विद्यापीठांपैकी कुणालाही तोवर ती मिळाली नव्हती.

फॉस्टरनी काय केलं, ते कागदावर वाचून कळायचं नाही. नोव्हेंबरात ऑरलँडोला फॅम्यू विरुद्ध बेथ्यून-कुकमन विद्यापीठ हा 'फ्लोरिडा क्लासिक' फुटबॉल सामना होतो, तिथे जाऊन बसा. एरवी मध्यंतर झालं की लोक खायला उठतात. इथे उठलेले लोक धावत जागेवर परत येतात. बँड मैदानाच्या कडेनं आत शिरतो तो मिनिटाला वीस पावलांच्या चालीनं. तीन सेकंदांना एक पाऊल. ड्रमचा एक ठोका पडतो, शेकडो गुडघे एकदम वर येतात, मांडी जमिनीला समांतर, पायाची बोटं खाली, आणि पाय तसाच हवेत थांबतो. अंगाभोवती वेटोळं घातलेलं सूझाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य पेलत एका पायावर उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यानं कंबरेला ढोल बांधून दोन तास काढले आहेत त्याला विचारा. स्टँडमधून आरडाओरडा चाललेला असतो, पण रांगेतली एक पापणी हलत नाही. मग शिट्टी वाजते आणि तेच पाय मिनिटाला तीनशे साठच्या गतीनं सुटतात. वाजवणं चालूच, ओळ सरळच, समोर कागद नाही. सगळं पाठ. थोड्या वेळानं हीच मंडळी वाद्यं हातात घेऊन नाचायला लागतात, आणि ड्रम मेजर, म्हणजे बँडच्या पुढे चालणारा म्होरक्या, मागे इतका वाकतो की टोपीचा तुरा गवताला टेकतो.

हे सगळं आज इतक्या ठिकाणी दिसतं की ते कुठून आलं याची कुणाला चौकशी करावीशी वाटत नाही. कॉलेजच्या मार्चिंग बँडनं लष्करी चालीत चालायचं आणि लष्करी धून वाजवायची, हा शिरस्ता होता. रेडिओवरची ताजी गाणी, नाच, हा उंच पाय, हे त्या शिरस्त्यात घुसवलं फॉस्टर आणि त्यांच्यासारख्या मास्तरांनी. जॅक्सन स्टेट, सदर्न, ग्रँबलिंग, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी ही कृष्णवर्णीयांसाठी निघालेलीच इतर विद्यापीठं, प्रत्येकाची चाल वेगळी आणि प्रत्येकाचा तोरा वेगळा. 1967 च्या पहिल्यावहिल्या सुपर बोलमध्ये ग्रँबलिंगचा बँड वाजला होता. टेनेसी स्टेटच्या बँडनं 2023 साली चक्क ग्रॅमी मिळवलं. कॉलेजच्या मार्चिंग बँडला ते त्याआधी कधी मिळालं नव्हतं. आणि ज्यांच्या रेकॉर्डी जॅझच्या दर्दींच्या घरी असतात, ते सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली याच फॅम्यूत शिकले. आपल्या कार्यकारिणीत निदान दोन जण जॅझचे दर्दी आहेत, हे मला माहीत आहे.

आता सांगा, मिरवणुकीत ताल धरून चालणाऱ्या, शिस्तीत वाजवणाऱ्या, वर्षभर सराव करणाऱ्या मुलांचं आपल्या पथकाशी काय सुसंगत नाही? पथकातल्या मुलांना ते न सांगता कळलं. त्यांनी तालावरून ओळखलं.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. बैठकीत एका सदस्यांनी 2011 च्या प्रकरणाचा उल्लेख केला, असं मला कळलं. त्याबद्दल आडपडदा न ठेवता बोलायला हवं. 19 नोव्हेंबर 2011 रोजी, ऑरलँडोतल्या त्याच फ्लोरिडा क्लासिकनंतर, हॉटेलबाहेर उभ्या असलेल्या बँडच्या बसमध्ये रॉबर्ट चॅम्पियन या सव्वीस वर्षांच्या ड्रम मेजरला बँडच्याच मुलांनी 'प्रथा' म्हणून मारहाण केली आणि त्यात त्याचा जीव गेला. बँडमध्ये मार खाऊन मान मिळवायची ही रीत जुनी होती, मोठ्यांना ती माहीत होती आणि ती मोडायला कुणी धजलं नव्हतं. या बँडच्या थोरवीबद्दल बोलताना हे झाकून ठेवणारा माणूस त्या मुलाचा दुसऱ्यांदा अपमान करतो. पण पुढचंही सांगायला हवं. बँड बंद केला गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना जावं लागलं, बँडच्या संचालकांनाही. खटले चालले, शिक्षा झाल्या. बँड पुन्हा मैदानावर आला तो थेट सप्टेंबर 2013 मध्ये.

आता आपल्याकडे बघा. महाराष्ट्राला रॅगिंगविरोधी कायदा 1999 साली करावा लागला तो काही उगाच नाही. त्यानंतरही बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणून आपण कुठल्या मेडिकल किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याला सुरक्षेच्या कारणावरून व्यासपीठ नाकारलं आहे का? आपल्या मंडळाचे निम्मे माजी अध्यक्ष तशाच होस्टेलांतून आलेले आहेत आणि तिथल्या 'गमती' दिवाळी पार्टीत रंगवून सांगतात. गोऱ्यांच्या विद्यापीठांतही अशा मारहाणीत मुलं दगावली आहेत, पण तिथल्या गायनवृंदाला आपण पार्किंगमध्ये उभं केलं नसतं. तेव्हा 'सुरक्षा' या शब्दाआड नेमकं काय आहे, ते आपण सगळे जाणतो. 'तो एरिया', 'ते लोक', 'आपल्या बायका-मुली असतात' ही वाक्यं इतिवृत्तात येत नाहीत, चहाच्या टेबलावर येतात. मी ती ऐकली आहेत.

तिसरा मुद्दा छोटा आहे. दर वर्षी आपण मुलांसाठी कॉलेज मार्गदर्शनाची संध्याकाळ ठेवतो. त्या यादीत टॅलाहासीचं दुसरं विद्यापीठ, फ्लोरिडा स्टेट, हमखास असतं. फॅम्यू कधीच नसतं, जरी दोन्ही आवारं एकाच गावात, हाकेच्या अंतरावर आहेत. कारण विचारलं तर 'रँकिंग'. रँकिंग कशानं घसरतं, याचाही थोडा हिशेब मांडतो.

1949 साली व्हर्जिल हॉकिन्स या कृष्णवर्णीय गृहस्थांनी फ्लोरिडा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये अर्ज केला. त्यांना आत घ्यावं लागू नये म्हणून राज्यानं फॅम्यूत वेगळं लॉ स्कूल काढलं. पुढे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे विभक्ततेचे कायदे मोडीत निघाले, तेव्हा राज्यानं पैसा फ्लोरिडा स्टेटच्या नव्या लॉ स्कूलकडे वळवला आणि फॅम्यूचं 1968 मध्ये बंद पाडलं. ते पुन्हा मिळायला 2000 साल उजाडलं, आणि 2002 मध्ये वर्ग भरले ते ऑरलँडोत. सप्टेंबर 2023 मध्ये इथल्या केंद्र सरकारच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. त्यांच्या आकडेमोडीप्रमाणे, 1987 ते 2020 या काळात फॅम्यूला त्याच प्रकारच्या गोऱ्यांच्या विद्यापीठाच्या तुलनेत 1.9 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली. ज्याच्या ताटातलं काढून घेतलं, त्यालाच 'तब्येत सुधारा' म्हणायचं, अशी ही रँकिंगची गोष्ट. इतक्या कमी पैशात त्यांनी काय उभं केलं ते पाहिलं तर आपल्या मुलांना तिथे पाठवायचं की नाही हा प्रश्न वेगळा, निदान नाव तरी यादीत दिसेल.

याच विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनी मे 1956 मध्ये टॅलाहासीच्या बसमध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकावर बसल्या आणि उठायला तयार झाल्या नाहीत. त्यांना अटक झाली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फॅम्यूच्या विद्यार्थ्यांनी शहराच्या बसवर बहिष्कार घातला. आज आपण या देशात हव्या त्या बसमध्ये, हव्या त्या घरात, हव्या त्या शाळेत जातो, ते आपल्या मेरिटवर, अशी आपली समजूत आहे. आपल्याला इथे येऊ देणारा 1965 चा स्थलांतराचा कायदा नागरी हक्कांच्या त्या लढ्याच्या लाटेवरच आला. लढा कुणी दिला, ते वर लिहिलंच आहे.

चौथा मुद्दा लिहायला मला संकोच वाटतो, पण लिहितो. आपल्या मंचावर दर वर्षी जोतीराव येतात, बाबासाहेब येतात. भाषणं चांगली होतात. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते काळ्यांची गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, हे वाक्य प्रत्येक वक्ता टाळ्यांसाठी म्हणतो. 1946 साली, म्हणजे फॉस्टर टॅलाहासीत पोचले त्याच वर्षी, बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. त्याच्या दहा वर्षं आधी हॉवर्ड विद्यापीठाचे बेंजामिन मेज वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले. पुढे मेज मोअरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि मार्टिन ल्यूथर किंग तिथे त्यांच्या हाताखाली शिकले. हॉवर्ड आणि मोअरहाऊस ही दोन्ही कृष्णवर्णीयांसाठी निघालेली, फॅम्यूचीच भावंडं. इतकं जुनं येणं-जाणं असताना त्यातल्या एका विद्यापीठाची माणसं साडेतीन तासांच्या ड्राइव्हवरून आपल्या दारात येऊ शकतात, आणि आपण म्हणतो बोलू नका.

पथकातल्या मुलांना अध्यक्षांनी 'तुम्ही अजून लहान आहात, यातलं राजकारण तुम्हाला कळत नाही' असं सांगितल्याचं ऐकलं. ती मुलं वीस-बावीस वर्षांची आहेत. त्यांना राजकारण चांगलं कळतं. म्हणूनच त्यांनी लेखी प्रस्ताव दिला, आपण तोंडी हसून सोडलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

इतिवृत्तातला तो ठराव मागे घ्या आणि त्यातला 'सुरक्षेचा विचार करता' हा शब्दप्रयोग काढून टाका. ड्रमवादकांना विद्यापीठामार्फत, रीतसर पत्र लिहून बोलवा. त्यांचा फुटबॉलचा हंगाम नेमका गणपतीच्या दिवसांत असतो, म्हणून यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षासाठी आत्ताच विचारा. यंदा निदान फ्लोरिडातल्या शाळांत शिकवणाऱ्या, बँडच्या माजी विद्यार्थ्यांना बोलवा.

मानधन द्या. मुंबईहून येणाऱ्या गायकाला आपण बिझनेस क्लासचं तिकीट देतो, तेव्हा 'तरतूद नाही' हे कारण ऐकवू नका. प्रवास, जेवण आणि रक्कम आधी लेखी कळवा. आणि जेवण सगळ्यांबरोबर, हॉलमध्ये, पहिल्या पंगतीला. याबाबत मी कुठलीही तडजोड मान्य करणार नाही.

संध्याकाळचं अर्ध्या तासाचं भाषण ठेवा. नाटकाचा पहिला अंक अर्धा तास उशिरा सुरू झाला तर मराठी प्रेक्षकाला सवय आहे.

कॉलेज मार्गदर्शनाच्या यादीत फॅम्यू, आणि त्यासोबत हॉवर्ड, मोअरहाऊस आणि त्यांच्याच पंक्तीतलं मुलींचं स्पेलमन कॉलेज ही नावं घाला. माहिती सांगायला तिथलाच माणूस बोलवा, गूगल करून आलेला नको.

नोव्हेंबरात फ्लोरिडा क्लासिकला मंडळाची बस न्या. आपण क्रिकेटच्या मॅचला नेतो तशी. तिकिटं मी काढून देतो, फक्त नावं नोंदवून घ्या.

पथकातल्या मुलांना त्यांच्या प्रस्तावाचं लेखी उत्तर द्या, अध्यक्षांच्या सहीनं.

वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली आहे. हा विषय 'आयत्या वेळचे विषय' या रकान्यात, लोक गाडीच्या चाव्या शोधत असताना, घेऊ नये. तो विषयपत्रिकेवर छापून यावा, पहिल्या तीनांत. तसं झालं नाही तर घटनेप्रमाणे सभासदांच्या सह्या गोळा करून विशेष सभा मागण्याचा अधिकार आम्हाला आहे, आणि सह्यांचा कागद पथकाच्या सरावाच्या जागी ठेवलेला आहे.

कळावे,
आपला,
मंडळाचा एक आजीव सभासद